फटफटी कुणाच्या नावावर?

आज आपण घरातल्या पहिल्या गाडीबद्दल बोलणार आहोत. गाडी म्हणजे मोटार नव्हे. आपल्याकडे "गाडी घेतली" म्हटलं की बहुतेक वेळा दुचाकीच असते, तीच ही गाडी. पाडव्याला किंवा दसऱ्याला दारात येते, चाकाखाली लिंबू ठेवतात, हँडलला झेंडूचा हार घालतात, आपण ओवाळतो आणि आळीत पेढे वाटतो. ओवाळण्याचं काम आपल्याकडे ठरलेलंच असतं. पण ती गाडी निवडली कुणी, पैसे कुणी घातले, चालवणार कोण आणि आरसी बुकावर नाव कुणाचं, हे चार प्रश्न आपण क्वचितच विचारतो. म्हणून आज या चार प्रश्नांच्या अंगाने आपल्याकडच्या दुचाकीचा इतिहास बघू.

फटफटीचे दिवस

आपल्या आजी-पणजीच्या तोंडी मोटारसायकल हा शब्द नव्हता. आवाजावरून तिला नाव मिळालं होतं, फटफटी. स्वातंत्र्याआधी या फटफट्या परदेशातून, मुख्यतः इंग्लंडमधून यायच्या. बीएसए, ट्रायम्फ, नॉर्टन, एन्फिल्ड ही त्यांची नावं. त्या साहेब लोकांकडे, लष्करात, नाहीतर एखाद्या डॉक्टरकडे किंवा बागायतदाराकडे असायच्या. तालुक्याच्या गावात एखादीच असे, आणि तिचा आवाज आला की पोरं मागे धावत.

स्वातंत्र्यानंतर परदेशी चलन जपून वापरायचं आणि माल देशातच बनवायचा असं धोरण आलं. सैन्याला सीमेवर गस्तीसाठी दणकट मोटारसायकली हव्या होत्या. त्यातूनच १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्डची बुलेट तयार होऊ लागली. साठच्या दशकात म्हैसूरला जावा आणि उत्तरेत राजदूत बनू लागल्या. या सगळ्या जड, पायाने गिअर टाकायच्या आणि पाय पलीकडे टाकून बसायच्या गाड्या होत्या. नऊवारी किंवा पाचवारी नेसलेल्या बाईला मागच्या सीटवर एका बाजूला बसण्यापलीकडे त्यात जागा नव्हती. ती चालवेल असं बनवणाऱ्याच्या, विकणाऱ्याच्या आणि घरच्यांच्याही मनात आलं नव्हतं.

स्कूटर आली

मधल्या काळात तिकडे इटलीत एक वेगळीच गोष्ट घडली होती. दुसऱ्या महायुद्धात पियाज्जिओ कंपनीचा विमानांचा कारखाना उद्ध्वस्त झाला. लोकांना स्वस्त वाहन हवं होतं. कंपनीने हे काम कोराडिनो डासकानिओ नावाच्या विमानाच्या इंजिनिअरकडे दिलं. या गृहस्थाला मोटारसायकल मुळीच आवडत नसे. तिच्यावर चढायला त्रास होतो, कपड्यांना तेल लागतं, चाक काढणं जिकिरीचं, या त्याच्या तक्रारी. म्हणून १९४६ मध्ये त्याने जी गाडी बनवली, तिच्यात इंजिन झाकून मागे चाकाजवळ नेलं, गिअर हातात दिला, पुढे पत्र्याची ढाल लावली आणि मधली जागा मोकळी ठेवली. तीच व्हेस्पा. पाय पलीकडे न टाकता, समोरून पाऊल आत ठेवून तिच्यावर बसता येत होतं. झगा घालणारी बाईसुद्धा ती चालवू शकत होती. १९५३ च्या 'रोमन हॉलिडे' या इंग्रजी सिनेमात ऑड्री हेपबर्न रोमच्या रस्त्यांवर व्हेस्पाचं हँडल हातात घेते आणि गोंधळ उडवून देते, ते पुष्कळांनी पाहिलं असेल.

स्कूटर आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या वाटेने आली. १९५५ पासून मुंबईत ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने लॅम्ब्रेटा बनवायला सुरुवात केली. बजाजना १९५९ मध्ये दुचाकी-तिचाकी बनवण्याचा सरकारी परवाना मिळाला, आणि पियाज्जिओशी करार करून पुण्याजवळ आकुर्डीला व्हेस्पा तयार होऊ लागली. १९७१ मध्ये तो करार संपला आणि १९७२ मध्ये तीच गाडी 'चेतक' झाली. राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव.

इथे एक गंमत झाली. जी गाडी तिकडे बाईच्या झग्याला चालेल अशी बनली होती, ती इकडे येऊन कुटुंबप्रमुखाची गाडी झाली. वडील हँडलवर, धाकटं पुढे उभं, थोरलं मधे, आणि आई मागे एका बाजूला, मांडीवर पिशवी धरून. स्टेपनी असल्याने पंक्चरची चिंता नव्हती. किक बसेना झाली की गाडी तिरकी करायची, मग पुन्हा किक. हे दृश्य शहरातल्या दोन पिढ्यांनी पाहिलंय. आईचा पाय अडेल असं त्या गाडीच्या घडणीत काही नव्हतं. अडलं ते आपल्या रीतीत.

निवडायचं काय, नंबर लागायचा

आज शोरूममध्ये गेलं की चार कंपन्या आणि दहा रंग समोर असतात. साठ आणि सत्तरच्या दशकात असं नव्हतं. कोणत्या कारखान्याने वर्षाला किती गाड्या बनवायच्या हे सरकार ठरवत असे. मागणी कितीही वाढली तरी परवान्यापेक्षा जास्त माल काढता येत नसे. गाडी कुणाला आणि किती भावाला विकायची यावरही नियंत्रण होतं. त्यामुळे लोक पैसे भरून नाव नोंदवत आणि वाट बघत बसत. चांगल्या चालणाऱ्या स्कूटरसाठी ही वाट कित्येक वर्षांची असे, काही ठिकाणी दहा वर्षांपर्यंत. मुलगा कॉलेजात गेला की बाप बुकिंग करून ठेवी, म्हणजे नोकरी लागेपर्यंत नंबर लागेल. परदेशातल्या नातेवाइकाने परकीय चलनात पैसे भरले तर गाडी लवकर मिळे. ज्याचा नंबर लागला त्याने हातात आलेली गाडी तशीच विकली तरी वर चांगले पैसे सुटत.

म्हणजे त्या काळात माणूस गाडी निवडत नव्हता, नंबर लागेल ती घेत होता. जी वस्तू दुर्मीळ असते तिची प्रतिष्ठा वाढते, आणि आपल्याकडे प्रतिष्ठेच्या वस्तूची वाट लग्नाच्या मांडवातून जाते.

मैत्रिणींनो, हा भाग ऐकायला कडू आहे, पण तो वगळून हा इतिहास सांगता येत नाही. लग्नाच्या याद्यांमध्ये घड्याळ, रेडिओ आणि सायकल होती. पुढे तिथे स्कूटर आली आणि मग मोटारसायकल. हुंडा घेणं-देणं १९६१ च्या कायद्याने गुन्हा ठरलं होतं. तरी "आम्ही काही मागत नाही, पोराला कामावर जायला गाडी तेवढी बघा" हे बोलणं थांबलं नाही. मुलीच्या बापाने कर्ज काढलं, जमिनीचा तुकडा विकला, आणि गाडी जावयाच्या नावावर झाली. अनेक घरांत पहिली गाडी अशी सुनेच्या माहेरच्या पैशातून आली, आणि तीच सून तिच्यावर मागे बसून माहेरी गेली, तेही कुणी नेलं तर. गाडी मिळाली नाही म्हणून छळ झाल्याच्या बातम्या ऐंशीच्या दशकात वर्तमानपत्रांत येत राहिल्या. स्त्रियांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या, १९८३ मध्ये नवऱ्याकडून आणि सासरकडून होणारा छळ हा वेगळा गुन्हा ठरला आणि १९८६ मध्ये हुंडाबळीचं कलम आलं. मधे १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं होतं की स्त्रीधन हे त्या स्त्रीचंच आहे, नवरा किंवा सासर ते फक्त सांभाळायला घेतं, मालक होत नाही. पण नवऱ्याच्या नावाची गाडी आपल्या पैशाची आहे हे सिद्ध करायला बाईकडे पावती कुठून असणार? हा प्रश्न आजही जुना झालेला नाही.

कायद्याला दिसलेला पदर

मागे बसणाऱ्या बाईकडे कायद्याचं लक्ष कधी गेलं? १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ क्रमांकाचा नियम आहे. मोटारसायकलला मागच्या माणसासाठी धरायला मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी, आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग तरी झाकणारी जाळी हवी, म्हणजे मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकणार नाहीत. यालाच आपण साडीगार्ड म्हणतो. नियमात साडीचं नाव नाही, पण कुणाचा पदर चाकात जात होता हे सगळ्यांना माहीत होतं. मूठ, पाय टेकायला पट्टी आणि ही जाळी नसेल तर नवीन गाडी नियमात बसत नाही. तरीही काही तरुण मुलं दिसायला बरी नाही म्हणून घरी आल्या आल्या साडीगार्ड काढून टाकतात. तुमच्या घरी तसं झालं असेल तर मेस्त्रीकडून आजच परत बसवून घ्या. पदर, ओढणी किंवा स्कार्फचं टोक चाकात किंवा चेनमध्ये जाऊन गेलेले जीव आपल्या सगळ्यांच्या ऐकण्यात आहेत.

लुना

आता चांगल्या बातमीकडे येऊ. ज्या १९७२ साली चेतक आली, त्याच साली पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने लुना काढली. पन्नास सीसीचं इंजिन, गिअर नाही, सायकलसारखे पायडल. पेट्रोल संपलं तर पायडल मारत घरी जायचं. इतकी हलकी की बंद पडली तर बाई ती एकटीने ढकलत नेई आणि उचलून पायरीवरही चढवी. पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, जगभर तेलाचं संकट आलं, पेट्रोल महागलं, आणि थोड्या पेट्रोलवर लांब जाणारी लुना मध्यमवर्गाला सोयीची वाटली.

पुणं हे आधीपासून सायकलींचं शहर होतं, आणि सायकल चालवणाऱ्या मुली तिथे नव्या नव्हत्या. सायकल येणाऱ्या बाईला लुना शिकायला फार तर एक सकाळ लागे. शाळेतल्या शिक्षिका, बँकेत आणि टेलिफोन खात्यात काम करणाऱ्या, नर्सिंगच्या पाळीला जाणाऱ्या बाया लुनावर दिसू लागल्या. "मला सोडा" आणि "मला न्यायला या" ही दोन वाक्यं त्यांच्या दिवसातून गेली. वेळ कुणाला विचारून ठरवावी लागेना. १९८० मध्ये दक्षिणेतून दोघांना बसता येईल अशी टीव्हीएस ५० आली.

१९८४ मध्ये कायनेटिकने जपानच्या होंडाशी भागीदारी केली आणि कायनेटिक होंडा बाजारात आली. बटण दाबलं की सुरू होते आणि गिअर टाकावा लागत नाही, अशी स्कूटर इथल्या रस्त्यांना नवीन होती. साडी नेसून किक मारताना होणारी तारांबळ संपली. मग नव्वदच्या दशकात टीव्हीएसची स्कूटी आली, आणि २००१ मध्ये होंडाची ॲक्टिव्हा. आज गोव्यात, कोल्हापुरात, नागपुरात, तोंडाला स्कार्फ बांधून भाजी आणि पोरं घेऊन जाणाऱ्या बायकांची जी रांग सिग्नलला दिसते, तिची सुरुवात पायडलच्या लुनापासून आहे.

गावाकडची मोटारसायकल

पण ही गोष्ट मुख्यतः शहराची झाली. गावाकडे वेगळं घडलं. ऐंशीच्या दशकात सरकारने परदेशी कंपन्यांशी भागीदारीला वाट दिली, आणि दोन-तीन वर्षांतच सुझुकी, यामाहा, होंडा, कावासाकी यांच्या शंभर सीसीच्या मोटारसायकली इथे बनू लागल्या. १९८५ मध्ये आलेल्या हिरो होंडाचं इंजिन फोर स्ट्रोक होतं. आधीच्या टू स्ट्रोक गाड्यांना पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागे, धूर येई, पेट्रोलही जास्त जाई. हिला ते काही नव्हतं, आणि ॲव्हरेज भरपूर. शेताच्या वाटेवर स्कूटरची लहान चाकं रुतत, मोटारसायकलची मोठी चाकं निघून जात. दुधाच्या किटल्या, खताची पोती, कडब्याच्या पेंढ्या, सगळं तिच्यावर जाऊ लागलं. १९८५ मध्येच औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. पुरवठा वाढला आणि १९९१ नंतर वाट बघण्याचे दिवस कायमचे संपले. पतपेढ्या आणि फायनान्सवाले हप्त्यावर गाडी देऊ लागले.

२००१ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे १२ टक्के घरांत दुचाकी होती. २०११ मध्ये ती २१ टक्के घरांत पोचली. आज आपल्या गावात बिनदुचाकीचं घर शोधावं लागतं. पण ती गाडी घरात असली तरी घरातल्या बाईची असतेच असं नाही. ती सकाळी धन्याबरोबर जाते आणि रात्री परत येते. बाई मात्र दवाखान्याला, बाजाराला, बचत गटाच्या बैठकीला एसटीची किंवा वडापची वाट बघत फाट्यावर उभी असते. गाडी दारात उभी असली तरी "ती गिअरची आहे, आपल्याला कुठे येते" म्हणून आपणच मागे होतो.

गिअर ही काही पुरुषांची जन्मजात विद्या नाही. ट्रॅक्टर चालवणाऱ्या बाया आपल्याकडे आहेत, एसटी चालवणाऱ्याही आहेत. क्लच दाबायचा, गिअर टाकायचा, क्लच हळू सोडायचा. शिवणयंत्रावर पाय आणि हात जुळवणाऱ्या बाईला हे कठीण नाही. कठीण असतं ते पहिल्या आठवड्यातलं लोकांचं बघणं.

मग पहिली गाडी घेताना

या सगळ्या इतिहासातून आपल्या कामाचं काय निघतं ते आता सांगते.

पहिलं, गाडी जिच्यासाठी आहे तिच्या अंगाला बेतलेली हवी. शोरूममध्ये गाडीवर बसून बघा. दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतात का? स्टँडवरून काढता आणि लावता येते का? शंभर-सव्वाशे सीसीची साधी मोटारसायकल किंवा स्कूटर एकशेदहा किलोच्या आसपास असते, बुलेट त्याच्या दीडपटीहून जड. सीसी आणि रंग नंतर, पाय टेकणं आधी. वाट खडी-मातीची असेल तर मोठ्या चाकांची गाडी बरी, शहरात बाजारहाट असेल तर स्कूटर बरी.

दुसरं, ब्रेक. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांत सुधारलेले ब्रेक सक्तीचे झाले. सव्वाशे सीसीपर्यंतच्या गाडीत एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो, आणि त्याहून मोठ्या गाडीत चाक जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा असते. जुनी गाडी घेत असाल तर ती कोणत्या सालची आहे ते यासाठी बघा. अनुभवी मेस्त्रीला बरोबर न्या, आणि इंजिन व चासीचा नंबर आरसीशी जुळवा.

तिसरं, लायसन. विनागिअर आणि गिअर अशी दोन प्रकारची लायसन असतात. काढायचंच तर गिअरचं काढा, त्यावर दोन्ही चालवता येतात. हेल्मेट चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला, दोघांनाही सक्तीचं आहे. एक हेल्मेट घेऊन ते नवऱ्याच्या डोक्यावर ठेवू नका, दोन घ्या.

चौथं, आणि आजचा मुख्य मुद्दा, नाव. पैसे बचत गटाच्या कर्जाचे, भिशीचे, दुधाचे किंवा तुमच्या पगाराचे असतील तर गाडी तुमच्या नावावर घ्या, आणि पावती जपून ठेवा. यात मान-अपमानाचा प्रश्न नाही, सरळ व्यवहार आहे. विम्याचंच बघा. कायद्याने सक्तीचा असलेला थर्ड पार्टी विमा समोरच्याच्या नुकसानीसाठी असतो. नवी गाडी घेताना तो पाच वर्षांचा घ्यावा लागतो. त्याच्या जोडीला १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, पण तो 'मालक-चालका'साठी, म्हणजे आरसीवर ज्याचं नाव आहे आणि ज्याच्याकडे लायसन आहे त्याच्यासाठी. गाडी नवऱ्याच्या नावावर आणि रोज चालवता तुम्ही, तर अपघातात हे संरक्षण तुम्हाला लागू होत नाही. नाव एका जागी आणि धोका दुसऱ्या जागी, असं होतं. निदान चालवणाऱ्या दुसऱ्या माणसाचा वेगळा अपघात विमा तरी घ्या.

आरसीवर वारस, म्हणजे नॉमिनी, लावण्याची सोय २०२१ पासून झाली आहे. मालक अचानक गेला तर गाडी नावावर करून घेताना बाईला आरटीओच्या चकरा माराव्या लागतात, हप्ते मात्र चालू राहतात. नॉमिनी लावलेला असेल तर ते काम सोपं होतं. घरातल्या जुन्या गाडीलाही तो लावता येतो.

आणि नाव तुमचं असेल तर जबाबदारीही तुमची, हे लक्षात ठेवा. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हातात गाडी दिली आणि त्याच्याकडून गुन्हा घडला, तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते. "पोरगं हट्ट करतं" हे कारण तिथे चालत नाही.

मैत्रिणींनो, आपल्या आजीने फटफटीचा आवाज ऐकला, आईने मागे बसून पिशव्या धरल्या, थोरल्या बहिणीने लुनाचे पायडल मारले. आता येत्या पाडव्याला ज्यांच्या घरी गाडी यायची आहे, त्यांनी फॉर्मवर सही होण्याआधी एकदा विचारावं, "नाव कुणाचं लिहिताय?" विचारायला पैसे पडत नाहीत. आणि उत्तर तुमचं नाव असेल, तर ओवाळायला यंदा घरातल्या दुसऱ्या कुणाला उभं करा. तुम्ही सीटवर बसा.